डोकं नाळेकडे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बांगडे साफ करणं. गुरुवार होता. मी सिंकपाशी उभा राहून मासे कापत होतो आणि कुंदा मागे खुर्चीत बसून माझ्या चुका काढत होती. सगळा संसार मासे मीच साफ केले, तिने कधी सुरी हातात धरली नाही, पण सुरी कशी धरायची हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. "पित्त फुटलं बघा," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही फुटलं. "फुटलं. आता कडू लागणार." जेवताना तिने दोन बांगडे खाल्ले, कडू आहेत म्हणाली आणि तिसरा वाढून घेतला. शुक्रवारी सकाळी ती बाथरूममध्ये पडली. मग हॉस्पिटल, मग अकरा दिवस, मग संपलं. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे. आमच्या डॉक्टरच्या दवाखान्यातल्या बाईने मला दुःखावरचा एक कागद दिला, त्यावर एक म्हातारा बाकावर बसून तळ्याकडे बघतोय असं चित्र आहे. मी तळ्याकडे बघणाऱ्यातला नाही. तळ्यात मासे असतील तर गोष्ट वेगळी.

ही वही मुलीने आणून दिली. ती स्टॅनमोरला असते, तिचा नवरा रोज मेडनहेडला जाऊन कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, काय ते त्याने मला तीनदा समजावलंय. "बाबा, तुमचा गोष्टी लिहा ना," ती म्हणाली. "तुमची लहानपण. हाऊ यू ग्रू अप." इथे जन्मलेली पोर, तिच्या तोंडात गोष्ट पुरुष होते आणि लहानपण बाई होतं. कुंदा असती तर तिथल्या तिथे सुधारलं असतं. मी सोडून दिलं. आता माझ्या लहानपणात लिहिण्यासारखं काही नाही. चौथीपर्यंत शाळा, मग बापाच्या हाताखाली होड्या बांधायचं काम. खाडीच्या काठी आमचं गाव, बाप होड्यांचा सुतार, मीही होड्यांचा सुतार. लग्न झालं, मिशी होती, वय अठ्ठावीस होतं आणि तरी मी मोठा झालेलो नव्हतो, हे मला इंग्रजांच्या या देशात येऊन कळलं. मी मोठा झालो एका बोटीच्या पोटात. म्हणून माझं लहानपण तिथून सुरू करतो. कुणाला चालत नसेल तर वही परत न्या.

कुंदा नर्स. मुंबईत शिकलेली, माझ्यापेक्षा बरीच हुशार. माझ्याशी लग्न का केलं हे मी तिला कधी विचारलं नाही, न जाणो तिलाही प्रश्न पडायचा. इथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावात तिला हॉस्पिटलात नोकरी लागली आणि सात महिन्यांनी, ऐन जानेवारीत, तिच्या मागून मी आलो. आम्ही बायकांचे केस कापायच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायचो. खालून केस कुरळे करायच्या औषधाचा वास यायचा, अंड्यात फिनेल घातल्यासारखा. वरती छपरावर सीगल बूट घालून चालल्यासारखे चालायचे. पहाटे पाचला कुंदाचं घड्याळ पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजायचं, ती उठून जायची आणि मग दिवसभर घरात मी. मी भात लावायचो, झाडायचो, तिच्या युनिफॉर्मला इस्त्री करायचो. कालवणाला ताजा नारळ नाही, म्हणून केकवर घालायचा खोबऱ्याचा सुका भुसा आणायचो. रंध्याखाली पडतो ना, तसाच. माशाचं कालवण करतोय की फळीची फट बुजवतोय हे मलाच कळायचं नाही. आईने बरोबर दिलेली आमसुलं मी डब्यात अशी जपली होती की कालवणाला एक टाकायचो आणि उकळी आली की काढून धुऊन परत ठेवायचो. कुंदाने हे बघितलं तेव्हा ती हसली नाही, तोंड फिरवून उभी राहिली.

माझ्या कागदांवर एक शब्द होता, डिपेंडंट. मी तिला अर्थ विचारला. "म्हणजे अवलंबून असलेला," ती म्हणाली. "म्हणजे लोंबकळणारा," मी म्हटलं. "तसं नाही हो." "मग कसं?" ती युनिफॉर्मची बटणं लावायला लागली. इंग्रजीतला मला एकच शब्द यायचा, यस. कुणी काही विचारलं की यस. दुकानात, बसमध्ये, रस्त्यात. असाच एकदा खाटकाला यस म्हणून मी डुकराचे चार पाय घेऊन घरी आलो. बाकी सगळं बोलणं कुंदाच्या तोंडातून. मला टाचेला फोड आला तर डॉक्टरला कुंदा सांगायची, "यांना दुखतंय," आणि डॉक्टर तिच्याकडे बघून विचारायचा, "कुठे?" बापाकडे बारा माणसं हाताखाली घेऊन मी होडी पाण्यात उतरवलेली, आणि इथे माझा फोडसुद्धा बायको बोलत होती.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तिला सांगितलं. आवाज न चढवता, भाजी चिरता चिरता. ईस्टरपर्यंत मला माझ्या हाताचं काम मिळालं आणि ते नीट उभं राहिलं तर राहीन. नाहीतर मी गावी जातो, तू इथली नोकरी सोडू नकोस. "म्हणजे मी इथे आणि तुम्ही तिथे," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. "किती वर्षं?" मी भाजी चिरत राहिलो. ती म्हणाली, "मीठ कमी घाला," आणि विषय संपला. पण तिच्या डोक्यातून गेला नव्हता, कारण दहा दिवसांनी तिने मला रॉन आणून दिला.

रॉन म्हणजे तिच्या वॉर्डातला पेशंट. म्हातारा कोळी, स्वतःच्याच बोटीवर घसरून खुबा मोडून घेतलेला. डॉक्टरने मासेमारी बंद करायला सांगितली होती आणि त्याची बायको मॉरीन रोज दुपारी येऊन सांगायची की हा दिवसभर घरात माझ्या पायात आला तर मी त्याचा दुसरा खुबा मोडेन. बोटीचं नावही त्याने मॉरीनच ठेवलं होतं. पण बाई मॉरीन बोट मॉरीनवर आयुष्यात कधी चढली नव्हती, आणि त्याचं कारण बादली. बोटीच्या पुढच्या टोकात, आमच्याकडे त्या टोकाला नाळ म्हणतात, तिथे ताडपत्रीच्या पडद्याआड एक बादली असायची आणि तीस वर्षं रॉन आणि त्याची माणसं त्या बादलीवर बसत. आता रॉनचा बेत असा, की मासे साठवायचा खण काढून बोटीच्या पोटात दोघांना राहता येईल असं घर करायचं, आणि उन्हाळ्यात नवरा-बायकोने किनाऱ्या किनाऱ्याने फिरायचं. मॉरीन म्हणाली, बादली गेली आणि नीट दाराचा संडास आला तर येईन. कुंदा तिथेच बेडपॅन घेऊन उभी होती. ती म्हणाली, "माझे मिस्टर बोटी बांधतात."

आता इथे मी सांगून टाकतो, कारण मला लपवून ठेवून गंमत करता येत नाही. या लोकांत बोटीवरच्या संडासाला हेड म्हणतात. का म्हणतात ते देवाला ठाऊक. पुढे चाळीस वर्षं मी बोटींत काम केलं, प्रत्येकाला विचारलं, प्रत्येकाने वेगळं सांगितलं. पण त्या दिवशी हे मला माहीत नव्हतं आणि कुंदालाही नव्हतं. कुंदाचं इंग्रजी हॉस्पिटलचं. तिच्या इंग्रजीत हेड म्हणजे डोकं, ज्याला टाके घालतात ते. संडासाला ती टॉयलेट म्हणायची, मॉरीनही तिच्यासमोर टॉयलेटच म्हणाली होती. पण रॉन नर्सबाईंना काम सांगायला बसला तेव्हा तो कोळी झाला, आणि त्याच्या तोंडात त्याची भाषा आली. कुंदा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खाटेशी बसून हॉस्पिटलच्या जेवणाच्या कार्डामागे मराठीत लिहून घेत होती. ते कार्ड मी इतक्यांदा वाचलं की अजून पाठ आहे. खणाच्या जागी खोली. डाव्या हाताला ओटा आणि शेगडी. दोघांची झोपायची सोय. मग खाली: डोकं पुढे, नाळेकडे. त्याला दार हवं, आतून कडी हवी, हवा खेळती हवी.

मी म्हटलं, संडासाचं काही नाही लिहिलेलं. ती म्हणाली, "मीही विचारलं, टॉयलेट? तर म्हणाला, 'दॅट्स व्हॉट आय सेड, लव्ह, हेड अप फॉरवर्ड.' म्हणजे डोक्याकडे पुढे काहीतरी. तुम्ही आधी डोकं करून घ्या, तो संडासाचं नंतर बघेल." आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आमच्या गावात होडीत संडास नसतो. समुद्र केवढा मोठा आहे.

रॉनने हॉस्पिटलातून सुटल्यावर मला धक्क्यावर नेऊन बोट दाखवली. दाखवली म्हणजे दोन काठ्यांवर वाकून वरून बोट केलं. खाली उतरायला धक्क्याच्या भिंतीला लोखंडी शिडी होती आणि डॉक्टरने त्याला ईस्टरपर्यंत शिडी चढायची-उतरायची मनाई केली होती. ओहोटीला तर बोट इतकी खाली जायची की त्याला वरून फक्त छप्पर दिसायचं. पोटात काय चाललंय ते त्याने सहा आठवडे बघितलंच नाही. रोज अकरा वाजता यायचा, मासे भरायच्या पेटीवर बसायचा, वरून ओरडायचा, मी खालून यस म्हणायचो, तो अंगठा वर करायचा आणि घरी जायचा. आमचं फार छान चाललं होतं.

आणि काम, ते मी काय सांगू. रॉनच्या शेडमध्ये लाकूड पडलेलं होतं, बहुतेक पाइन, पण तळाशी कुठल्याशा जुन्या जहाजाची एक सागवानी फळी निघाली. तिच्यावर पटाशी लावली आणि जो वास आला, त्याने मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. आधी मी सगळं पोट सोडा टाकून गरम पाण्याने घासलं. ताडपत्री आणि बादलीही निघाली. बादली चांगली होती, जाड, मूठ मजबूत. आमिष ठेवायची असेल असं समजून घासून पुसून घेतली आणि सहा आठवडे तिच्यात सरस कालवला. सरस मी बोटीच्या वरच्या फळ्यांवर बसून कालवायचो, ते धक्क्यावरून रॉनला दिसायचं आणि तो नुसती मान हलवायचा. इंडियात असंच करत असतील अशी त्याने समजूत घालून घेतली असणार.

अडचण दुसरीच आली. धक्क्याला बोट बांधलेली असायची तेव्हा तिची नाळ बरोबर उत्तरेला. आता उत्तरेला डोकं आणि दक्षिणेला पाय करून आमच्यात कुणाला ठेवतात हे सांगायला नको. म्हातारा माणूस, नुकता खुबा मोडलेला, आणि मी त्याच्यासाठी उत्तरेला डोकं करून बिछाना बांधायचा. माझा हात चालेना. कुंदाला म्हटलं, तू विचार त्याला, डोकं मागे केलं तर चालेल का. बुधवारी रॉन क्लिनिकला आला तेव्हा तिने विचारलं. ती घरी येऊन जे बोलली ते मी आहे तसं लिहितो.

"मी त्याला म्हटलं, माझे मिस्टर म्हणतात डोकं पुढे नको, अशुभ असतं. आमच्यात फक्त मेलेल्या माणसाचं तिकडे करतात."

"मग?"

"हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाला, मेलेल्या माणसाला कशाला लागतं?"

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत. म्हणाला, तीस वर्षं पुढेच आहे, काही झालं नाही. लाटा असल्या की जरा त्रास होतो, धरून बसावं लागतं. पण सवय आहे."

"बसून झोपतो?"

"कोळी माणसं. झोपत असतील. मी विचारलं, तुमचं दोघांचंही पुढे करायचं का? तर माझ्याकडे असा बघायला लागला. म्हणाला, 'वन ॲट अ टाइम, लव्ह.' एका वेळी एकच."

मी विचार केला. म्हणजे नवरा-बायकोचं पटत नाही. "मग एकाच माणसापुरता बिछाना पुढे करू. दुसरा खोलीत."

"हो. आणि म्हणाला बेताचा करा, गुडघे हनुवटीला लागले नाहीत म्हणजे झालं. त्याला तिथे निवांत पेपर वाचायला आवडतं."

मग मात्र मला त्या म्हाताऱ्याची दया आली. बायको तीस वर्षं बोटीवर आली नाही, आता येणार तर वेगळी झोपणार, आणि हा एका कोपऱ्यात दार लावून पेपर वाचणार. मी ठरवलं, कोपरा असा करायचा की त्याला वाटलं पाहिजे, कुणीतरी आपला विचार केला. दिशेचं काय करायचं तेही सुचलं. बोट समुद्रात गेली की तिला दिशा कुठली, धक्क्याला आहे तोवर उशी उलटीकडे घ्यायची. नाळेत मी साडेसहा फुटांचा बिछाना बसवला. उशाशी ती सागवानी फळी उभी केली आणि तिच्यावर कोयऱ्या कोरल्या, मधोमध कमळ. कंदिलाला कोनाडा केला. पेपरला फळी केली. दार असं बसवलं की एका बोटाने लागावं, आतून पितळी कडी, वर हवेला झडप. कुंदाने उशीला क्रोशाचा अभ्रा विणला. खोलीत ओटा, शेगडी, दुसरा बिछाना, घडीचं टेबल. कुठे एक सूत फट नाही. आजही मी कुठल्या हॉटेलात गेलो की कपाटाचं दार उघडून बिजागरी बघतो. मुलीला लाज वाटते. पण मला विचाराल तर माझ्या हातून त्या कोपऱ्यापेक्षा चांगलं काम पुढे झालं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रॉनला शिडी उतरायची परवानगी मिळाली. मॉरीन निळा कोट घालून, केस खास आमच्या खोल्यांखालच्या दुकानात करून घेऊन आली होती. डब्यात केक होता. कुंदाने साडीवर कोट घातला होता आणि पायात माझे मोजे. मी पुढे उतरलो, मग रॉन, एकेका पायरीला देवाचं नाव घेत, अर्थात प्रार्थना म्हणून नव्हे. बायका उतरल्या. मॉरीनने ओट्यावरून हात फिरवला, ड्रॉवर ओढून बघितला, तो हवेत तरंगल्यासारखा बाहेर आला. "ओ रॉन," ती म्हणाली. रॉनने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या मनात आलं, झालं, राहिलो मी या देशात.

मग मॉरीन म्हणाली, आता मुख्य गोष्ट दाखव. रॉनने नाळेकडच्या दाराला हात घातला आणि एखादा पडदा उघडावा तसं दार उघडून तो बाजूला झाला. आत बिछाना. कोयऱ्या, कमळ, क्रोशाची उशी. फळीवर मी त्या दिवशीचा पेपरसुद्धा ठेवला होता.

रॉनने आत डोकं घातलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. गादी उचलून खाली बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "व्हेअर्स द हेड?" मी म्हटलं, यस, आणि उशीवर हात ठेवून दाखवला. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मी उशी थोपटली. तेवढ्यात मॉरीनने त्याचा अर्थ सांगायला म्हणून कुंदाच्या कानात एक शब्द म्हटला, आणि कुंदाचा चेहरा मी बघितला. ती शरमेने लाल झाली नाही, पांढरी पडली. "अहो," ती हळूच म्हणाली, "डोकं म्हणजे संडास."

"कुणाचं?"

"यांचं. बोटीचं. हेड म्हणजे संडास. मी दिवसाला तीस बेडपॅन उचलते आणि मला हे माहीत नव्हतं."

मॉरीन हसायला लागली. ती आधी उभ्याने हसली, मग बिछान्यावर बसून हसली, मग आडवी होऊन, कोटाबुटांसकट, उशीवर नव्या केसांची वाट लावून हसली. आणि हसता हसता थांबून म्हणाली की हा बिछाना तिचा, याला कुणी हात लावायचा नाही, तीस वर्षं ती रॉनच्या घोरण्याशेजारी झोपली आहे आणि या दाराला आतून कडी आहे. रॉन मात्र हसला नाही. ज्या एका गोष्टीसाठी बायको बोटीवर यायला तयार झाली होती तीच नव्हती, आणि वर आता जागाही नव्हती. तो भडाभडा बोलला. कुंदाने त्यातलं काही मराठीत केलं नाही. पण "प्रॉपर मॅन" हे दोन शब्द मला कळले. प्रॉपर माणूस आणायला हवा होता. मी हत्यारं गोळा केली आणि शिडी चढून घरी आलो. केक तसाच राहिला, ते मला अजून लागतं.

घरी येऊन मी पलंगाखालची बॅग काढली. कुंदा इस्त्री मांडून उभी राहिली, आपला युनिफॉर्म आपणच करायला लागली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"काम माझं आहे."

"मी चुकीचं लिहून आणलं."

"तू लिहून आणलंस. मी सहा आठवडे त्या माणसासमोर यस यस म्हणत उभा होतो. तो वर, मी खाली. एकदा हाताने खूण करून विचारलं असतं तरी कळलं असतं. संडासाची खूण काय अवघड असते?"

ती हसली नाही. बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली, एकाच बाहीवरून. मग म्हणाली, "मी तुम्हाला राहा म्हणणार नाही. माझ्या नोकरीसाठी तुम्ही इथे लोंबकळावं असं मला नाही वाटत." माझाच शब्द तिने मला परत दिला. "जायचं तर जा. सोमवारी मी तिकिटाचं विचारते." मी बॅगेत दोन सदरे ठेवले. तिने ते बाहेर काढले. मला वाटलं अडवते आहे. तिने त्यांना इस्त्री केली आणि घडी घालून परत ठेवले. त्या दिवशी तिचा जितका राग आला तितका पुढे कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपेत असताना मी उठलो. बॅग घेतली नाही. हत्यारांच्या पिशवीतून खडू घेतला आणि धक्क्यावर गेलो. आमचा बाप गिऱ्हाईकाशी बोलायचा नाही. त्याला फारसं बोलता यायचं नाही, तोतरा होता. तो काठी घेऊन वाळूत आख्खी होडी काढायचा, खऱ्या मापाची, आणि गिऱ्हाईकाला म्हणायचा, चाल आत. गिऱ्हाईक आत चालायचं, बसायचं, जाळं ओढल्यासारखं करायचं, आणि कुठे काय अडतंय ते पायानेच सांगायचं. माझ्या डोक्यातून ही गोष्ट सहा आठवडे कशी गेली ते मला सांगता येत नाही. इथे वाळू नव्हती म्हणून असेल. मी गुडघ्यांवर बसून धक्क्याच्या काँक्रीटवर खडूने मॉरीन काढली. नाळ, बाईंचा बिछाना, ओटा, पोटात उतरायची शिडी, दोन्ही बाजूंना बोटीच्या लाकडी फासळ्या, जिथे भोक पाडता येतं आणि जिथे येत नाही त्या खुणा. चर्चला निघालेली माणसं चांगल्या कपड्यांत माझ्याभोवतीने वळून जात होती. मग मी रॉनच्या घरी गेलो. कुंदाशिवाय कुणाच्या दारावर थाप मारायची ही माझी या देशातली पहिली वेळ. त्याने दार उघडलं, अंगात बनियन, तोंडात टोस्ट. मी म्हटलं, "रॉन. हेड. कम." आणि खाली बसून खूण करून दाखवली. त्याने शेजारच्या घराकडे बघून मला पटकन उठवलं आणि कोट घातला.

धक्क्यावर येऊन त्याने रेषा बघितल्या. एक काठी टेकत सबंध बोटीभोवती फिरला. मग शिडी होती तिथून आत आला, ओट्याला न धडकता वळला, आपल्या बिछान्याच्या जागी जाऊन उभा राहिला. मी मासे भरायची पेटी उचलून त्याच्या हातात दिली. त्याने ती शिडीमागे ठेवली आणि वर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी मान हलवली, तिथे फासळी आहे, पाइप जाणार नाही. त्याने पेटी फूटभर सरकवली. मी त्याचा बिछाना बुटाने पुसून आखूड काढला. तो म्हणाला, पाय कुठे जातील? म्हणजे पायाकडे बोट केलं. मी ओट्याखाली खण काढून दाखवला, पाय इथे आत. त्याने बसल्या बसल्या हात लांब करून नसलेलं दार लावून बघितलं, आणि कोपर ओट्याला लागतंय का ते बघितलं. लागत होतं. पुन्हा सरकला. तासभर आमचं हे चाललं होतं.

तेवढ्यात कुंदा आली. नाईटगाऊनवर कोट, पायात चपला, केस सुटलेले, धाप लागलेली. मला वाटलं, घरात दिसलो नाही म्हणून सरळ धक्क्यावर आली. ती आधी स्टेशनवर जाऊन आली होती, हे तिने मला वीस वर्षांनी सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, पेटीवर बसलेल्या रॉनकडे बघितलं, आणि तिचं इंग्रजी सुरू व्हायच्या आत रॉनने हात वर केला. "नॉट नाऊ, सिस्टर," तो म्हणाला. "वी आर टॉकिंग."

"काय चाललंय?" तिने मला विचारलं. "बॅग तर घरीच आहे."

"महिनाभर लागेल अजून," मी म्हटलं. "पुढचं पुढे बघू. तू भिंतीत उभी आहेस. दारातून ये."

तिने खाली बघितलं. पाय उचलून मागे घेतले. मग कोट पोटाशी आवळून, नाळेला सबंध वळसा घालून, ती शिडीपाशी आली आणि मी दाखवलं तिथून आत आली.